मौजमळ्याच्या इंजिनाला पाणी

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या मौजमळा पार्कचे मालक हौशीरामशेठ, प्रमुख पाहुणे म्हणून वेळात वेळ काढून आलेले आळ्याचे माजी सरपंच सावळेराम आण्णा, मधल्या खुर्चीत अवघडून बसलेले आजचे सत्कारमूर्ती भागुजी तात्या, त्यांच्या शेजारी बसायला चक्क नकार देऊन खाली बायांमध्ये जाऊन बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती बायडाकाकी, पाळण्यावरचे, घसरगुंडीवरचे, कॅन्टीनमधले माझे सगळे सहकारी, आणि बेल्ह्याहून, ओतुराहून, आळेफाट्याहून आलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

मी गोरख. ज्यांना माझा चेहरा आठवत नसेल त्यांना माझी शिट्टी आठवत असेल. आपल्या गाडीच्या शेवटच्या डब्यामागच्या फळीवर हिरवा झेंडा घेऊन उभा असतो, तो मी.

मॅनेजरसाहेबांनी मला दोन कागद लिहून दिले आहेत. म्हणाले, कॉलेजला गेलेला तू एकटाच, तू बोल. कॉलेजला गेलो होतो हे खरं आहे. सेकंड इयरच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी सरांशी शब्दाला शब्द लागला आणि मी जर्नल टेबलावर तसंच ठेवून बाहेर पडलो, हेही खरं आहे. चूक माझी होती हे मला स्टँडवर पोचेपर्यंत कळलं होतं, पण तेवढ्यात आळेफाट्याची एसटी लागली. तर असा मी शिकलेला. या कागदावर लिहिलंय की तात्या वक्तशीर होते. तात्या निर्व्यसनी होते. तात्या मितभाषी होते.

या शेवटच्या शब्दावर मला जरा बोलायचं आहे. कागदात नाही ते. शेठ, थोडा वेळ जास्त लागेल. पंगतीला उशीर होईल म्हणून मॅनेजरसाहेब घड्याळ दाखवतायत, ते मला दिसतंय.

तात्यांनी तीस वर्षं मुंबईच्या मार्केटला कांद्याचा टेम्पो नेला, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. नव्याण्णव साली शेठनी द्राक्षबाग मोडून हा पार्क काढला. भंगारातले रूळ आणले, एका निकामी टेम्पोचं डिझेल इंजिन काढून त्याच्यावर पत्र्याचं आगगाडीचं तोंड बसवलं, मागे तीन डबे जोडले. पण ती चालवणार कोण? टेम्पो ज्या माणसाचा, इंजिन ज्याच्या हाताखाली म्हातारं झालं, तोच माणूस शेठनी इंजिनासकट उचलला. तात्या म्हणतात, "मला कुटं नोकरी लागली? माझ्या गाडीला लागली. मी तिच्यासंगं आलो."

ड्रायव्हरच्या डाव्या हाताला दोन माणसं बसतील एवढं एक बाकडं आहे. त्या बाकड्याची गोष्ट आज जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुक्यांत माहीत आहे, पण ती सुरू कशी झाली हे नव्या लोकांना माहीत नसेल. आण्णा, सांगू का? आण्णांनी मान हलवली, म्हणजे हरकत नाही.

सहा वर्षांपूर्वी आण्णांच्या धाकट्या मुलाचा मुलगी पाहण्याचा कार्यक्रम होता. घरात अठरा माणसं सतरंजीवर बसलेली. मुलीला विचारलं नाव काय, तर नाव तिच्या मामानं सांगितलं. विचारलं शिक्षण किती, तर तेही मामानंच सांगितलं. मुलानं पोह्याची बशी संपवली आणि कार्यक्रम संपला. परत येताना दोन्हीकडची मंडळी, पोचवायला आलेली मुलगीसुद्धा, बर्फाचा गोळा खायला म्हणून इथं थांबली आणि गाडीत बसली. तेव्हा तात्यांनी प्लॅटफॉर्मवर उभं राहून सगळ्यांदेखत सांगितलं, "मोठी माणसं मागच्या डब्यात. पोरगा-पोरगी म्होरं, माझ्याजवळ. इंजिनाच्या आवाजात मला काय बी ऐकू येत न्हाई. अकरा मिन्टाची फेरी हाय, बोलून घ्या."

कुणी काही म्हणू शकलं नाही. पांढऱ्या केसांचा माणूस शेजारी, दोन्ही घरं मागे, भर दिवसा, सगळ्यांच्या नजरेसमोर गाडी चाललेली. यात वावगं काय? आणि तरी त्या दोघांना जन्मात पहिल्यांदा अकरा मिनिटं मिळाली. आण्णांच्या नातवंडांना मी आता तिकिटाशिवाय बसवतो.

मग ती रीतच पडली. बेल्ह्याच्या बैलबाजारात सोयरीक निघाली की लोक म्हणायचे, "मौजमळ्यात या, पोरांना म्होरं बसवू." शेठनी हौसेनं 'वधू-वर विशेष फेरी' असा बोर्ड रंगवून घेतला. तात्यांनी तो उतरवला आणि पावसाळ्यात रेडिएटरवर झाकायला वापरला. अजून आहे. त्यांचा नियम एकच. मागच्या डब्यात दोन्ही घरची माणसं पाहिजेत. एकाच घरची असली तर पुढचं बाकडं रिकामं जाईल.

आणि दुसरी एक गोष्ट, जी नियम नव्हती पण सगळ्यांनी मानली होती. बोगदा संपला की उजव्या हाताला पाण्याची टाकी आहे. कधी कधी तात्या तिथं गाडी थांबवायचे, बादली भरून रेडिएटरमध्ये पाणी ओतायचे, आणि सावकाश निघायचे. कधी न थांबता सरळ पुढे जायचे. आम्ही पुरुष मंडळींनी हळूहळू हिशेब लावला की पाण्याला थांबली ती गाडी शुभ. थांबली की लग्न जमलं. मागच्या डब्यातले म्हातारे तर टाकी जवळ आली की बोलायचे थांबायचे. गाडी थांबली की मांडीवर थाप मारायचे. मीही तसंच समजत होतो. मागच्या फळीवर उभं राहून चार वर्षं मी हे बघितलं, आणि मला काहीही कळलं नव्हतं. हे कळायला मला गेला गुरुवार उजाडावा लागला. त्यावर मी येतो.

आता जे सांगणार आहे ते सांगताना मी कुणाचं नाव घेणार नाही. स्टेजवरून मुलीचं नाव घेण्याइतका मी बिघडलेलो नाही. पण आपल्या पार्कला तिकिटाची खिडकी एकच आहे आणि तिथं तीन वर्षं एकच व्यक्ती बसते. कुणी माना वळवून मागे बघू नये, ही विनंती. बघितलंतच.

तीन वर्षं रोज सकाळी मी त्या खिडकीतून तिकिटांचं पुस्तक घेतो आणि संध्याकाळी फाडलेल्या तिकिटांची अर्धकं परत देतो. या देवाणघेवाणीत माणूस किती बोलू शकतो? मी रोज ठरवून यायचो आणि रोज "आज गर्दी आहे" एवढंच बोलून जायचो. श्रावणातल्या मंगळवारी पार्कात चिटपाखरू नव्हतं, तेव्हाही मी "आज गर्दी आहे" म्हणालो होतो.

गेल्या डिसेंबरात एका रविवारी खिडकीवर दुसरीच मुलगी बसलेली. मी विचारलं, ती कुठंय? तर म्हणे, तिची आज पुढच्या बाकड्यावर फेरी आहे. घोडेगावची मंडळी आलीयेत.

माझं डोकं कसं आहे हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. मी सरळ टाकीवर गेलो आणि खालचा नळ सोडून दिला. सगळी टाकी रिकामी. मग इंजिनाजवळ जाऊन रेडिएटर तोंडापर्यंत भरला. म्हटलं, आता थांबा पाण्याला. बघू कसे थांबता.

फेरी सुरू झाली. मी मागे, झेंडा हातात. पुढे तिच्या केसातला गजरा आणि शेजारी एक इस्त्रीची कॉलर, एवढंच दिसत होतं. बोगदा गेला. आणि गाडी थांबली.

तात्या उतरले. बादली लावली, नळ सोडला. एक थेंब नाही. त्यांनी नळाकडे बघितलं, मग लांबून माझ्याकडे बघितलं. आणि ती रिकामी बादली उचलून त्यांनी रेडिएटरवर पालथी केली. परत गेले, परत रिकामी बादली लावली, परत ओतली. तीन वेळा. भरलेल्या रेडिएटरमध्ये या माणसानं तीन बादल्या हवा ओतली, त्यात चांगली सात-आठ मिनिटं घालवली, आणि मागच्या डब्यातल्या घोडेगावकरांनी मांडीवर थाप मारली.

मी शिट्टी फुंकत सुटलो. लोकांना वाटलं, अपघात झाला. उतरल्यावर मी तात्यांना सगळ्यांसमोर नको ते बोललो. म्हाताऱ्या माणसाला बोलू नये असं बोललो. म्हणालो, तुम्ही दलाल आहात. ते एवढंच म्हणाले, "झेंडा नीट गुंडाळून ठेव. बावटा फाटतोय." मितभाषी, कागदात लिहिलंय तसे.

त्या दिवसापासून आठ महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. एकाच गाडीवर, एका टोकाला ते आणि एका टोकाला मी. मी शिट्टी मारायची, त्यांनी भोंगा द्यायचा. एवढ्यावर आठ महिने पार्कातली गाडी चालली. मॅनेजरसाहेब, तुम्हाला वाटलं आमच्यात शिस्त आलीय.

पण घोडेगावचं काही जमलं नाही. उन्हाळा गेला, पत्रिका नाही, काही नाही. मला वाटलं, मी टाकी रिकामी केल्याचा गुण आला. माणूस किती मूर्ख असू शकतो बघा, सहा महिने मी मनातल्या मनात त्याची फुशारकी मारत होतो.

ऑगस्टमध्ये एकदा अर्धकं परत द्यायला गेलो. ती मोजता मोजता वर न बघता म्हणाली, "तुमचं आणि तात्यांचं भांडण माझ्यावरून आहे म्हणे."

मी म्हटलं, "कोण म्हणतं?"

"पाळणेवाले म्हणतात, कॅन्टीनवाले म्हणतात. माझे वडीलसुद्धा म्हणाले काल. सगळ्यांना माहीत आहे. मलाच तेवढं कुणी विचारलं नाही."

आता इथं एखाद्या शहाण्या माणसानं काय केलं असतं? विचारलं असतं. मी म्हणालो, "विचारून काय होणार आहे? तुमचं घर वेगळं, आमचं वेगळं."

तिनं अर्धकांना रबर लावलं आणि म्हणाली, "बरोबर. आज गर्दी आहे." आणि खिडकी लावून घेतली.

त्या दिवशी मी माळशेजच्या रस्त्यानं सायकल हाणत किती लांब गेलो मला आठवत नाही. परत आलो तो तडक तात्यांसमोर. आठ महिन्यांनी पहिलं वाक्य. "तात्या, आम्हाला दोघांना एकदा पुढं बसवा."

ते वंगण लावत होते. "मागं कोण बसणार?"

"मागं कुणी नाही. नुसतं आम्ही दोघं."

"रिकामी गाडी घिऊन मी कुणाच्या पोरीला म्होरं बसवीत न्हाई. तुझी आई-बाप आन. तिचं मी बघतो."

"माझी आई नाही येणार, तात्या. तुम्हाला माहितीय का नाही येणार."

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "मी आयुष्यभर बघत आलोय का न्हाई येत त्ये. पर नियम नियम हाय. तुझ्यापायी मोडला तर उद्या कुणी बी कुणाची बी पोरगी घिऊन ईल."

त्या घटकेला मला या माणसाचा इतका राग आला की काय सांगू. स्वतःच केलेला नियम, लिहिलेला कुठं नाही, आणि त्याच्यापुढे माझं सगळं आयुष्य अडकलेलं. मला आजही राग आहे. सत्काराच्या दिवशी खोटं कशाला बोलू?

घरी गेलो. आमचं घर पश्चिमेला, डोंगरात, भाताच्या खाचरांच्या वर. वडील, म्हणजे जानकूबाबा, ऐकून घेऊन बाहेर जाऊन बसले. आई चुलीपाशी होती. माझी आई लंकाबाई इथं आली आहे, तिसऱ्या रांगेत बसली आहे. ती रागावली नाही, रडली नाही. तिनं एकच विचारलं. "त्यांच्यात हळद कोन्च्या देवाला लावत्यात रं?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"मंग तुला काय म्हाईत हाय? आपल्याकडं पैली हळद देवाला जाती, मंग नवऱ्याला. त्यांच्यात द्येव न्हाई म्हंत्यात. मंग माझ्या हातातली पैली हळद मी कुटं नेऊ?"

 मी चिडलो, ताट सरकवलं, बाहेर पडलो. जर्नल ठेवून पडलो होतो तसाच. मला उत्तर येत नसलं की मी बाहेर पडतो, ही माझी जुनी खोड आहे.

आता गेला गुरुवार. तात्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय आणि शेठनी ठरवलं की त्यांच्यानंतर इंजिन माझ्याकडे द्यायचं. त्याबद्दल शेठचे मनापासून आभार. तर शिकण्यासाठी म्हणून गुरुवारी मी चार वर्षांत पहिल्यांदा पुढे, तात्यांच्या उजव्या बाजूला, हत्यारांच्या पेटीवर बसलो. डाव्या बाकड्यावर एक मुलगा आणि मुलगी. मुलगा मंचरकडचा, मुलगी राजुरीची.

मागच्या फळीवरून जग कसं दिसतं? सगळ्यांच्या पाठी दिसतात आणि मागे गेलेला रूळ दिसतो. पुढे तसं नाही. पुढे रूळ अंगावर येतो, बोगदा तोंड उघडून येतो, आणि वाऱ्यासरशी शेजारच्याचं सगळं बोलणं कानात येतं. सगळं. इंजिनाचा आवाज मागे जातो, डब्यांकडे. पुढे चमचा पडला तरी ऐकू येईल. सहा वर्षं हा माणूस 'मला काय बी ऐकू येत न्हाई' म्हणत आला, आणि त्याला एक अक्षर चुकलेलं नाही.

तो मुलगा बोगदा येईपर्यंत स्वतःच्या मोटारसायकलबद्दल बोलत होता. बोगद्यातून बाहेर पडल्यावर तात्यांनी गाडी हळू केली आणि त्या मुलीकडे न बघता विचारलं, "बाई, इंजिनाला पाणी पाजू का?"

ती म्हणाली, "नको तात्या. भरलेलं दिसतंय."

आणि गाडी टाकीवरून सरळ निघून गेली.

मी तात्यांकडे बघतच राहिलो. मुलाला काही कळलं नाही, तो अजून ॲव्हरेज सांगत होता. फेरी संपल्यावर मी विचारलं, "म्हणजे थांबायचं की नाही ते मुलगी ठरवते?"

"मंग कोन ठरवणार? बोलायचं उरलं असंल तर थांबवती. न्हाईतर चला."

"आणि हे मुलींना सांगतं कोण?"

त्यांनी नुसतं सरबताच्या हातगाडीकडे बघितलं. तिथं बायडाकाकी लिंबू पिळत होत्या. प्रत्येक मुलीला फेरीआधी सरबत काकीच देतात.

म्हणजे बघा. पार्कातल्या झाडूवालीला माहीत होतं, कॅन्टीनच्या मावशीला माहीत होतं, तिकिटाच्या खिडकीला माहीत होतं. दोन तालुक्यांतल्या कितीतरी बायांना माहीत होतं. आणि आम्ही पुरुष मांडीवर थापा मारत होतो. थांबलेल्या गाड्यांमधली निम्मी लग्नं जमली, निम्मी मोडली, आणि मोडलेली आम्ही मोजलीच नाहीत.

आत्ता बोलता बोलता माझ्या लक्षात येतंय की मी हे सगळं भर सभेत सांगून बसलो आहे. काकी, तुम्ही कपाळाला हात लावलात तो मी पाहिला. उद्यापासून प्रत्येक मुलाकडचा माणूस टाकीकडे डोळे लावून बसणार, आणि मुलीला मोकळेपणानं 'पाजा' म्हणता येणार नाही. हे माझ्या तोंडानं केलं. तात्यांनी सहा वर्षं जे तोंडाबाहेर काढलं नाही ते मी एका भाषणात सांडलं. तुम्हाला नवी खूण शोधावी लागेल, आणि ती मला सांगू नका.

पण निघालंच आहे तर पुढचं सांगतो. मी त्या गुरुवारी तात्यांना विचारलं, "डिसेंबरात तिनं पाणी मागितलं होतं?"

"मागितलं व्हतं."

"मग ती काय बोलली त्या घोडेगाववाल्याशी?"

तात्यांनी चावी काढून फडक्यानं पुसली.

"तात्या, माझ्याबद्दल काही बोलली का? हो की नाही तेवढं सांगा."

"ड्रायव्हरला कान नसत्यात."

"पुढं सगळं ऐकू येतं, मी आत्ता बसून आलोय."

"ऐकू येतं. म्हनूनच नसत्यात." मग त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तुला ह्ये शिकायचंय. गाडी चालवायची तर तीन दिवसांत येती."

सांगा, याला काय म्हणायचं? मी हात जोडले, मी पाय धरायला निघालो. हा माणूस बोलला नाही. आजही बोलणार नाही. हार घालून घेईल, शाल घेईल, पण ते सात-आठ मिनिटांचं बोलणं इथून घरी घेऊन जाईल. मितभाषी म्हणे. मॅनेजरसाहेब, या शब्दानं मला किती छळलंय ते तुम्हाला कळायचं नाही.

आणि काल संध्याकाळी रविवारच्या फेऱ्यांची वही माझ्याकडे आली. येत्या रविवारी दहाची फेरी, पुढचं बाकडं, तिच्या घरच्या नावावर. पाहुणे नारायणगावचे. ड्रायव्हर म्हणून माझं नाव.

म्हणजे मी इंजिनावर बसायचं. माझ्या डाव्या हाताला ती, तिच्या शेजारी तो. बोगदा गेल्यावर मी तिच्याकडे न बघता विचारायचं, बाई, इंजिनाला पाणी पाजू का. आणि ती काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं, आणि तात्यांसारखं तोंड मिटून घरी न्यायचं. शेठ, मी पूर्ण विचार केला. मला ते जमणार नाही. मी गाडी रुळावरून काढीन, किंवा विचारायचंच नाही आणि टाकी ओलांडून निघून जाईन. मग तिचं बोलायचं राहिलं असेल तर राहिलंच. ते डिसेंबरातल्या टाकीपेक्षा वाईट होईल. माझा माझ्यावर तेवढा विश्वास नाही, आणि तिच्या बाबतीत कुणी तसा विश्वास ठेवूही नये.

म्हणून माझं मागणं. हा समारंभ निरोपाचा आहे, तरी मी मागतो आहे. तात्या, एक रविवार थांबा. ऑपरेशन बुधवारी आहे, मी काकींना विचारून घेतलंय. दहाची फेरी तुम्ही चालवा. मी मागच्या फळीवर उभा राहीन, माझी शिट्टी वेळेवर वाजेल, टाकी काठोकाठ भरलेली असेल. नारायणगावच्या पाहुण्यांचा मान पूर्ण राहील. ती पाणी मागेल न मागेल, मी झेंडा नीट धरीन.

त्यानंतर साडेअकराची फेरी मी मागतो आहे. ड्रायव्हर म्हणून नाही. डाव्या बाकड्यावर. शेजारची जागा मी आत्ता कुणासाठी धरत नाही. खिडकीवरच्या व्यक्तीला मला काही विचारायचं आहे, आणि ते मी स्टेजवरून विचारणार नाही, उद्या सकाळी पुस्तक घेताना विचारणार आहे. आणि गर्दी असली तरी विचारणार आहे. ती नाही म्हणाली तर साडेअकराला गाडी मुलांना घेऊन जाईल, आणि मी इंजिनाची चावी सोमवारी घेईन.

राहिला नियम. तिचे वडील दुसऱ्या रांगेत कडेला बसले आहेत. तात्यांच्या बरोबर बेल्ह्याच्या बुद्धविहारात असतात, मी त्यांना गेली तीन वर्षं लांबूनच नमस्कार करत आलो आहे. काका, मी तुमच्याकडे आज काही मागत नाही. मागच्या डब्यात अकरा मिनिटं बसा, एवढंच. रागानं बसलात तरी चालेल.

आणि आई. तू हळदीचं विचारलं होतंस. मी तात्यांना विचारलं, तेही नीट सांगेनात, म्हणाले, हे बायांचं बायांनी बोलावं. तेव्हा तूच विचार. तिची आई तुझ्या शेजारी बसेल. पहिली हळद कुठं न्यायची हे तिलाही तिच्या परीनं माहीत असेल. नाही पटलं तर उतर आणि घरी चल, मी परत तोंडातून शब्द काढणार नाही. पण ताट सरकवून उठायची पाळी यावेळी माझी नाही. बाबांना मी काल सांगून ठेवलंय. ते नेहमीसारखे बाहेर जाऊन बसले, पण रविवारी मोकळे आहात का विचारलं तर नाही म्हणाले नाहीत.

मला माहीत आहे, आत्ता मॅनेजरसाहेब माझ्याकडून माईक घ्यायला उठलेत. घ्या, संपलंच आहे. मी आज इथं आभार मानायला उभा राहिलो होतो. शेठचे मानतो, आण्णांचे मानतो, ज्यांनी मांडव घातला आणि ज्यांच्या पातेल्यात मसालेभात थंड होतोय त्या कॅन्टीनच्या मावशींचे मानतो. बायडाकाकी, तुमची मी क्षमा मागतो, ती वेगळी, आणि तुम्ही देईपर्यंत मी तुमच्याकडून सरबत मागणार नाही. तात्यांना मी भर प्लॅटफॉर्मवर जो शब्द बोललो होतो तो मी भर सभेत परत घेतो. बाकी ज्याला ज्याला माझं बोलणं लागलं असेल त्यानं मला बाहेर गाठून सांगावं, मी उलट बोलणार नाही. प्रयत्न करीन.

कागदावरचं शेवटचं वाक्य आहे की तात्यांना सुखी निवृत्त जीवनाच्या शुभेच्छा. त्या आहेतच, पण बुधवारपासून.

तात्या, तुम्ही मान खाली घालून हसताय. हे मला पुरत नाही. ड्रायव्हरला कान नसतात ते मी ऐकून घेतलं, आज तुम्हाला तोंड आहे. रविवार हो की नाही, तेवढं सांगा. मी उभाच आहे.